नाकात शिसं नसलेलं कॉन्कॉर्ड

आमच्या मॉडेलं बनवणाऱ्यांच्या क्लबात माझ्या बापाला ठशा म्हणतात. नाव रसेल गिंगल, पण त्या नावाने कोणी हाक मारलेली मी ऐकलेली नाही. त्याने केलेलं कुठलंही मॉडेल उचला, पंखावर नाहीतर काचेवर गोंदात रुतलेला त्याचा अंगठा सापडणारच. स्पिटफायर विमान असो नाहीतर रणगाडा. "पोलिसांना द्या, चोर आजच्या आज सापडेल," असं व्हर्नन दर मंगळवारी म्हणतो आणि दर मंगळवारी सगळे हसतात. सगळ्यात मोठ्याने माझा बाप.

तो चहा करतो. कप विसळतो. खुर्च्या मांडतो. स्काउटांची ती पत्र्याची शेड आम्हाला मंगळवारी मिळते, तिची किल्ली बापाकडे असते, आणि ती किल्ली तो पदक असल्यासारखी पट्ट्याला लटकवतो. इतकी वर्षं क्लबात काढून त्याचं एकही मॉडेल टेलफर्डला गेलेलं नाही.

टेलफर्डला नोव्हेंबरात देशभरातले क्लब आपापली टेबलं मांडतात. आमच्या टेबलावर मधोमध एक फिरती चकती असते, खालून दिवा. तिच्यावर एकच मॉडेल. बाकीची आजूबाजूला गर्दी करून. अठराच्या आतल्यांना तर तेही नाही, त्यांना वेगळं टेबल, संडासाच्या वाटेवर. तिथे व्हर्ननचा नातू स्वतःचे रणगाडे ठेवतो. नातू आठ वर्षांचा आहे. मी सतरा.

म्हणून हे सगळं झालं.

मला ती चकती पाहिजे होती. शाळा मी मार्चमध्ये सोडली. म्हणजे मी एकीच्या तोंडावर जेवणाचा ट्रे मारला, आणि मग कोणी कोणाला सोडलं यावर अजून वाद आहे. तेव्हापासून शनिवार-रविवार गाड्या धुते आणि बाकीचे दिवस स्वयंपाकघरातल्या टेबलावर. आई स्विंडनला कोणाकडे तरी राहते, त्यामुळे टेबल रिकामंच असतं. मी 'समजा'वाली आहे. क्लबात आमचा कोपराच वेगळा. जे कधी झालं नाही ते आम्ही करतो. समजा अमुक विमान तमुक देशाने घेतलं असतं तर. बाकीचे आम्हाला वेडे समजतात, कारण ते खिळे मोजणारे लोक आहेत, खऱ्या विमानाला पंखावर जितके खिळे तितकेच मॉडेलवर.

मी घेतलं कॉन्कॉर्ड. ते विमान जिथे बनलं त्या फिल्टनमध्ये राहून कॉन्कॉर्ड घेणं म्हणजे चर्चमध्ये जाऊन पाद्र्याला बायबल शिकवणं. इथे ज्याच्या त्याच्या घरात कोणीतरी त्या विमानाला हात लावलेला असतो. कोणाच्या काकाने दार बसवलं, कोणाच्या आजीने सीट शिवली. आमच्या घरात कोणीही नाही. माझा आजोबा बस चालवायचा.

माझं कॉन्कॉर्ड प्रवासी नव्हतं. समजा हवाई दलाने ते घेतलं असतं. खिडक्या सगळ्या बुजवून, घासून, गुळगुळीत. पोटाखाली एक लांब क्षेपणास्त्र, तेही मीच प्लास्टिकच्या नळीतून केलं. अंगभर पांढरा रंग, कारण अणुबॉम्ब टाकून पळताना मागून जी झळ येते ती पांढऱ्यावरून परत फिरते. आणि हवाई दलाची गोल निशाणं फिकी, गुलाबी आणि आकाशी, कारण गडद रंग झळ पितो आणि पत्रा जळतो. ती फिकी निशाणं बाजारात त्या मापाची मिळत नाहीत. मी हाताने रंगवली. सहा वेळा पुसली. चाकांचे पाय तर मी इतक्या बारकाईने केले होते की तेलाच्या नळ्यासुद्धा दिसत होत्या.

कॉन्कॉर्डच्या मॉडेलची गोची अशी की वजन सगळं मागे. चाकांवर ठेवलं की ते शेपटीवर बसतं आणि नाक छताकडे. म्हणून धडाचे दोन भाग चिकटवायच्या आधी नाकात शिसं भरायचं असतं. लहान पोरांनाही हे माहीत असतं. मी मासेमारीच्या दुकानातून शिशाच्या गोळ्या आणून जॅमच्या बरणीत ठेवल्या होत्या, टेबलावर, समोर.

एका शनिवारी मी गाड्या धुऊन आले. हात गारठलेले, बूट ओले. बाप टेबलापाशी उभा. चेहरा असा, जसा कुत्रा चप्पल आणून देतो.

"बघ," तो म्हणाला. "तुझं काम हलकं केलं."

धड चिकटवलेलं होतं. रबरबँड लावून, नीट. खरं सांगते, शिवण चांगली आली होती. ठसासुद्धा नव्हता. त्याने हातमोजे घातले होते.

बरणी भरलेलीच होती.

"शिसं?" मी म्हटलं.

"काय?"

"नाकात शिसं भरलंस का, डॅड?"

तो बरणीकडे बघत राहिला. मग म्हणाला, "ते मागाहून नाही का घालता येत?"

मी काय काय बोलले ते इथे लिहिणार नाही. बरणी भिंतीवर फुटली एवढं सांगते. तो खाली बसून गोळ्या वेचायला लागला, एकेक, आणि म्हणत होता, "मला पण काहीतरी करू दे की गं. एवढंच केलं मी. एवढंच तर केलं." कापून उघडते म्हटलं तर म्हणाला, नको, इतकी छान शिवण माझ्या हातून पुन्हा होणार नाही. आणि मी मूर्ख, नाही कापलं. शेपटीखाली काचेसारख्या प्लास्टिकची बारीक काडी लावली. लांबून दिसत नाही. सगळेच लावतात, आणि सगळेच दुसऱ्याची पकडतात.

नाव त्याचं घालायचं ही कल्पनाही त्याचीच. "तुझ्या नावावर दिलंस तर संडासाच्या वाटेवर जाईल. माझ्या नावावर दे. चकतीवर तुझंच विमान फिरेल ना? आपल्याला माहीत असलं म्हणजे झालं."

मला ते बरोबर वाटलं. कारण तोपर्यंत मी त्याला क्लबात ते मॉडेल हातात घेऊन उभं राहिलेलं बघितलं नव्हतं.

मंगळवारी तो ते घेऊन गेला आणि शेडमध्ये आवाजच बंद झाला. हॅस्किन्स उठून आला. मिस्टर हॅस्किन्स अध्यक्ष, उंच, गळ्यात साखळीला भिंग. तो कोणाच्या मॉडेलसाठी उठत नाही. त्याने भिंगातून निशाणं बघितली, पाय बघितले, आणि म्हणाला, "रसेल, हे तू केलंस?"

रसेल. ठशा नाही.

"हो," माझा बाप म्हणाला. आणि मग कोणी न विचारता, "डेनी मदतीला असते. पॉलिश पेपर धरते."

व्हर्नन म्हणाला, "धरू दे धरू दे, शाळेत काही धरता आलं नाही बिचारीला." सगळे हसले. बाप पण हसला.

त्या आठवड्यात चहा दुसऱ्याने केला. बाप बसून राहिला आणि लोक त्याला विचारत होते, पांढरा कुठला वापरलास, किती हात दिलेस. घरी आला की मला विचारायचा आणि पुढच्या मंगळवारी तिकडे सांगायचा. मग विचारणंही बंद केलं, स्वतःच काहीतरी ठोकून द्यायला लागला. एकदा घरी, चिप्स खाताना, माझ्याशी बोलताना म्हणाला, "ती निशाणं रंगवताना माझी मान धरली होती बघ." मी त्याच्याकडे बघत बसले. तो खातच होता. त्याला कळलंसुद्धा नाही.

ऑक्टोबरात खुर्ची लागते. चकतीवर कोणाचं मॉडेल जाणार ते खुर्चीत ठरतं. मधोमध एक खुर्ची, समोर छोटं टेबल, टेबलावर मॉडेल, आणि आजूबाजूला सगळे गोल करून बसतात. कोणीही काहीही विचारायचं. उत्तर द्यायचं. 'समजा'वाल्यांसाठी एक जास्तीचा नियम आहे, आणि तो हॅस्किन्स बाकी कुठल्याही नियमापेक्षा कडक पाळतो. खुर्ची लागली की ते विमान खरं. पथक खरं, वैमानिक खरे, मेलेली माणसं खरी. 'हे खोटं आहे' असं जो म्हणेल तो तिथल्या तिथे बाद, मग खुर्चीतला असो नाहीतर समोरचा. वर्षभर त्याचं काहीही टेबलावर ठेवायचं नाही. गेल्या वर्षी एकाला भर खुर्चीत हसू फुटलं, "अहो असं कुठे होतं का," म्हणाला, आणि गेला. अजून चहाच पितोय.

बाप टाय लावून आला होता.

"पांढरं का?" हॅस्किन्सने सुरुवात केली.

"झळ परतवायला," बाप म्हणाला. हे त्याला पाठ होतं.

"निशाणं फिकी का?"

"गडद रंग झळ पितो."

"कुठून उडायचं?"

"लिंकनशायरहून." हेही पाठ.

मग व्हर्नन पुढे सरकला. बिस्किटाचा चुरा त्याच्या स्वेटरवर. "आत माणसं किती, रसेल?"

बाप थांबला. "पुष्कळ," तो म्हणाला.

"पुष्कळ? अरे, बॉम्बफेकी आहे की ब्रायटनची सहल?"

हशा. बापाने माझ्याकडे बघितलं. मी रेडिएटरपाशी भिंतीला टेकून उभी होते. उत्तर पाच होतं, मी नुसते ओठ हलवले असते तरी चाललं असतं. मी बिस्किट खात होते. मी खात राहिले.

"आठ," बाप म्हणाला.

"आठ जण बसतात कुठे? खिडक्या तर बुजवल्यास. अंधारात बसतात? हात धरून?"

"अंधारात," बाप म्हणाला. त्याचं कपाळ चमकायला लागलं होतं.

हॅस्किन्स हसत नव्हता. तो वाकून शेपटीकडे बघत होता. भिंग न लावता. मी मनात म्हटलं, गेलं. त्याने दोन बोटांनी ती काडी हळूच काढली, जसा माशातला काटा काढतात.

विमान सावकाश मागे कललं. शेपटी टेबलावर टेकली, टक् असा आवाज झाला, आणि माझं कॉन्कॉर्ड नाक वर करून छताकडे बघत बसलं. पुढचं चाक हवेत.

 मग व्हर्ननने सुरुवात केली आणि पूर्ण शेड हसायला लागली. कोणीतरी टेबल बडवत होतं. "भीक मागतंय! बिस्किट द्या त्याला!"

"शिसं, ठशा," हॅस्किन्स म्हणाला. "नाकात शिसं घालतात. माझी नात घालते."

परत ठशा.

माझा बाप लाल झाला होता, कानापर्यंत. त्याने टायची गाठ धरली. आणि म्हणाला, "ते डेनीने केलं."

मी चावायची थांबले.

"धड तिने चिकटवलं," तो म्हणाला. आता त्याला जोर आला होता. "मी म्हटलं, पोरीला एक काम देऊया. घरी बसून असते. शाळेतूनही काढलेली. तेवढंच काम दिलं होतं हो. काय करणार, तिचं लक्षच कशात लागत नाही. आईवर गेलीय."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. आणि हे सगळ्यात वाईट, ते प्रेमाने बघत होते. एक म्हातारा तर म्हणाला, "असू दे गं लाडके, शिकशील."

मी रेडिएटर सोडून पुढे आले.

"ऊठ," मी बापाला म्हटलं.

"डेनी—"

"ऊठ खुर्चीतून. ते माझं आहे. पाय मी केलेत, निशाणं मी रंगवलीत, खिडक्या मी बुजवल्यात. सगळं मी केलंय. मला विचारा."

"अठराच्या आत खुर्ची नाही," हॅस्किन्स म्हणाला.

"बसू द्या हो तिला," व्हर्नन म्हणाला. तो डोळे पुसत होता. "एवढे पैसे देऊन आलोय, पुढचा खेळ पण बघू की."

हॅस्किन्सने बापाकडे बघितलं, मग माझ्याकडे. त्यालाही मजा येत होती, मला दिसत होतं. अशी मजा त्या शेडमध्ये रोज मिळत नाही. "दोघं म्हणताय माझं," तो म्हणाला. "तर दोघांनाही विचारू. बस. रसेल, तू इथेच उभा राहा. नियम दोघांनाही लागू."

बाप उठला. मी बसले. खुर्ची गरम होती.

"माणसं किती?"

"पाच. पुढे दोन वैमानिक, मागे तिघे. तिघांची तोंडं उलट, शेपटीकडे."

"धोका झाला तर?"

"पुढच्या दोघांना उडत्या खुर्च्या आहेत. दांडी ओढली की छत फुटतं आणि ते बाहेर."

"मागच्यांना?"

"नाहीत."

"का नाहीत?"

"वजन वाढतं म्हणून. मागचे बसलेत ते बसलेत."

 हॅस्किन्स माझ्यासमोर स्टूल ओढून बसला. त्याने क्षेपणास्त्राचा पल्ला विचारला, मी सांगितला. इंधन वापरलं की वजन पुढेमागे कसं हलवतात ते विचारलं, ते सांगितलं. एवढं तेल पिणारं विमान सरकारने घेतलं कसं, ते विचारलं. म्हटलं, मंत्र्याला लंडनच्या भाषणानंतर आत बसवून समुद्रापलीकडे नेलं आणि इतक्या लवकर परत आणलं की तेच भाषण त्याला रेडिओवर ऐकायला मिळालं. कोणीतरी टाळी वाजवली. मला वाटत होतं हे संपूच नये.

मग हॅस्किन्सने ते नाक वर केलेलं विमान बोटाने दाखवलं. "आणि हे? हे असं का बसलंय?"

मी बापाकडे बघितलं नाही. सरळ हॅस्किन्सकडे बघून सांगितलं.

"हा त्याचा पहिल्या उड्डाणाचा दिवस आहे. एकाहत्तरचा ऑक्टोबर. नाकात समतोलाचं वजन बसवायचं राहून गेलं होतं. कारखान्यात एक फिटर होता. सगळ्यांना चहा द्यायचा. त्याला कोणी कधी विमानाला हात लावू दिला नव्हता, कारण तो हात लावेल तिथे डाग पडायचा."

व्हर्ननच्या घशातून कसलातरी आवाज आला.

"एका शनिवारी बाकीचे घरी गेले होते. तेव्हा त्याने एकट्याने नाक बंद करून टाकलं. वजन बाजूलाच पडलं होतं, बरणीत भरून. त्याच्या डोळ्यांसमोर. पण त्याला घाई होती. त्याला सांगायचं होतं की हे मी केलं."

"नाव काय त्याचं?" हॅस्किन्सने विचारलं. अगदी सभ्यपणे. त्याला उत्तर माहीत होतं.

"गिंगल. रसेल गिंगल."

"डेनी, पुरे," बाप म्हणाला.

"मग त्याने सगळ्यांना सांगितलं की विमान त्यानेच बनवलं. लोक त्याला नावाने हाक मारायला लागले. आणि हवाई दलात अशी पद्धत होती की ज्याने शेवटचा पत्रा बंद केला, त्याला पहिल्या उड्डाणाला मान म्हणून आत बसवायचं. मागे. टाय लावून आला होता तो."

"पुरे म्हटलं ना."

"धावपट्टीवर वेग घेतला आणि नाक उचललं. उचललं ते खाली येईना. शेपटी घासली. तेव्हा वैमानिकाने विचारलं, नाकातलं वजन कोणी बसवलं? आणि मागून गिंगल म्हणाला, मी नाही. त्या पोरीने. गेटपाशी एक झाडूवाली पोरगी होती, तिचं नाव त्याने घेतलं. एवढं होतंय तोवर पुढच्या दोघांनी दांड्या ओढल्या—"

"खोटं आहे!" माझा बाप ओरडला. "खोटं आहे हे सगळं! असं विमानच नाही! असं कधी काही झालंच नाही!"

त्याचा आवाज चिरकला होता. पत्र्यावरून तो परत आला.

आणि कोणीही हसलं नाही. मला वाटतं त्या क्षणी हसले असते तर बरं झालं असतं. सगळे आपापल्या कपात बघत होते.

हॅस्किन्स उठला. भिंग शर्टात टाकलं. "रसेल, तू बाद," तो म्हणाला. "नियम तुला माहीत आहे. पुढच्या ऑक्टोबरपर्यंत काही आणू नकोस." मग थोडं थांबून, जसं दुकानदार आठवण करून देतो तसं, "किल्ली व्हर्ननकडे दे. मुलीवर ढकलणाऱ्या माणसाकडे शेड नको."

बापाला ती पट्ट्यातून काढायला वेळ लागला. कडी घट्ट होती. व्हर्नन हात पसरून उभा राहिला आणि पहिल्यांदाच त्याला काही विनोद सुचला नाही.

मला हॅस्किन्सने पांढरं कार्ड दिलं, चकतीपुढे ठेवतात ते. "काडी परत लाव. नाही, नको लावू. असंच ठेव, नाक वर करून. गोष्ट चांगली आहे. टेलफर्डला हीच सांगशील." अठराचं काय, असं कोणीतरी विचारलं, तर तो म्हणाला, "हिला लहान म्हणायची तुझी हिंमत असेल तर तू म्हण."

मी माझं नाव लिहिलं. मोठ्या अक्षरांत. 'गिंगल'ला जागा पुरली नाही, शेवटी थोडं वाकडं आलं.

घरी जायला बापाचीच गाडी होती. बस त्या वेळेला नसते, आणि एवढं लांब नाकाचं मॉडेल घेऊन बसमध्ये बसणार कोण. मी पुढे बसले, विमान मांडीवर. त्याने इंजिन सुरू केलं. टाय काढून मागच्या सीटवर टाकला होता. रस्ताभर  मी कार्ड बघत होते.

पॅचवेच्या सिग्नलला गाडी थांबली. लाल दिव्याने त्याचे हात लाल दिसत होते, स्टिअरिंगवर, दोन्ही अंगठे वर.

"त्या गोष्टीत," तो म्हणाला. समोरच बघत होता. "मागे बसलेला. तो वाचतो का?"

मी विचारसुद्धा केला नाही.

"नाही," मी म्हटलं.

त्याने मान हलवली. सिग्नल हिरवा झाला. मागच्याने हॉर्न दिला, मग पुन्हा दिला, आणि मग कुठे त्याने गियर टाकला.